वाचक विचारतात : रॉक बॅलडचं विश्लेषण करायचं कसं?

इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळेत संगीत विषय घेतलेल्या मुलांना एखाद्या गाण्याचं विश्लेषण लिहून आणायला सांगतात. मुलं हौसेने रॉक बॅलड, म्हणजे संथ, भावपूर्ण रॉक गाणं, निवडतात आणि मग अडतात. या वेळची बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत. उत्तरं मराठीत असली तरी मुलांना शेवटी इंग्रजीत लिहायचं असतं, म्हणून कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर), बार (ठरावीक बीटचा एक गट), टेक्स्चर, कोरस (ध्रुवपद) हे शब्द आम्ही तसेच ठेवलेत.

प्रश्न : मी नववीत आहे. मेलडी (चाल), हार्मनी (कॉर्डची रचना), ऱ्हिदम, टेक्स्चर (आवाजांचे थर), फॉर्म (गाण्याची बांधणी), टिंबर (आवाजाचा पोत) आणि डायनॅमिक्स (आवाजाचा लहान-मोठेपणा) या सात मुद्द्यांवर हजार शब्द लिहायचेत. मी बीटल्सचं ‘लेट इट बी’ निवडलंय. गाणं तोंडपाठ आहे, पण ‘सुंदर, शांत, मनाला भिडणारं’ एवढं लिहून झालं की पुढे काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू? — विद्यार्थिनी, ठाणे

गाणं निवडलंस ते अभ्यासाला फार सोयीचं आहे, पण त्यात पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. ‘लेट इट बी’ एकच नाही. मार्च १९७० मध्ये सिंगल म्हणून निघालेलं रेकॉर्डिंग वेगळं आणि त्याच वर्षी मे महिन्यात अल्बमवर आलेलं वेगळं. मूळ टेक, म्हणजे स्टुडिओतलं मूळ वादन-गायन, एकच, पण सिंगलचा निर्माता जॉर्ज मार्टिन आणि अल्बमवरचं मिक्स फिल स्पेक्टरचं. सिंगल साधारण ३ मिनिटं ५० सेकंदांचं, अल्बमवरचं ४ मिनिटं ३ सेकंदांचं. दोन्हींतला गिटार सोलो तर चक्क निराळा वाजवलेला आहे. शिवाय २००३ सालच्या ‘लेट इट बी... नेकेड’ या अल्बमवर आणखी एक रूप आहे. तू एक ऐकून लिहिलंस आणि शिक्षकांनी दुसरं लावून तपासलं, तर तुझी मिनिटं-सेकंदं सगळी चुकीची ठरतील. म्हणून पानाच्या डोक्यावर लिही : कोणतं रेकॉर्डिंग, कोणत्या साली निघालेलं, किती लांबीचं.

आता वही आडवी धर आणि चार रकाने आख : वेळ, भाग, बारची संख्या, नवीन काय आलं किंवा काय गेलं. पहिल्यांदा ऐकताना फक्त भाग बदलला की वेळ टिपायची, बाकी काही नाही. सातही मुद्दे एकदम ऐकायला गेलीस तर एकही धड ऐकू येणार नाही. पुढच्या वेळी फक्त बेस, मग फक्त ड्रम, मग पियानो, मग मागचे आवाज (साथीला गाणारे), असं एकेक धरून ऐक. यासाठी हेडफोन हवेतच. मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि मग मुलं ‘बेस नाही’ असं ठोकून देतात.

बार मोजायला चार-चार बीट धर. हे गाणं मिनिटाला साधारण ७२ बीटच्या आसपास चालतं, म्हणजे चार बारचे सोळा बीट जवळपास १३ सेकंदांत होतात. गाणं सुरू होतं तेव्हा पियानो एकटा चार बार वाजतो आणि तेराव्या सेकंदाच्या आसपास गळा सुरू होतो. तुझं मोजणं इथेच तपासून घे. इथे जमलं नाही तर पुढचं सगळं सरकणार. त्यानंतर कडवं आठ बारचं, कोरस चार, पुन्हा कडवं आठ, मग दुप्पट लांबीचा कोरस, एक उतरता जोडतुकडा, आठ बारचा गिटार सोलो, कोरस, तिसरं कडवं, पुन्हा कोरस आणि शेवट.

हा तक्ता तयार झाला की निम्मं काम झालं, कारण आता प्रत्येक वाक्याला जागा आहे. ‘पियानो खूप छान आहे’ याला गुण नाहीत. ‘पहिल्या कडव्यात गळ्याखाली फक्त पियानो आहे. डाव्या हातात बेसचा स्वर, उजव्या हातात बीटगणिक सरळ कॉर्ड. कोरसला मागचे आवाज मिळतात तेव्हा एकट्याचं गाणं जमावाचं होतं’ याला आहेत. कुठे घडलं, काय घडलं आणि त्याने काय बदललं, या तिन्ही गोष्टी एका दमात आल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट सुटली की वर्णन उरतं, विश्लेषण होत नाही. आणि सात मुद्द्यांना समान शब्द वाटत बसू नकोस. या गाण्यात हार्मनी आणि टेक्स्चरबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, ऱ्हिदमबद्दल त्या मानाने कमी. तसंच लिही.

प्रश्न : मुलाने इंटरनेटवरून कॉर्ड उतरवून घेतले, पण दोन ठिकाणी दोन वेगळे कॉर्ड दिलेत. घरी फक्त हार्मोनियम आहे, ती मला वाजवता येते. पाश्चात्त्य कॉर्ड मला कळत नाहीत. मी त्याला मदत करू शकते का? — पालक, नाशिक

करू शकता, आणि चांगली करू शकता. सा पांढरी एकला धरा. हे गाणं सी मेजरमध्ये आहे, म्हणजे तुमच्या पट्टीत सगळे शुद्ध स्वर. कॉर्ड म्हणजे तीन स्वर एकदम दाबायचे : सी म्हणजे सा-ग-प, जी म्हणजे प-नी-रे, ए मायनर म्हणजे ध-सा-ग, एफ म्हणजे म-ध-सा. कडव्याची पहिली ओळ या चारांवर चालते आणि प्रत्येक कॉर्ड दोन बीट टिकतो. मुलाने वहीत एक, पाच, सहा, चार असे रोमन आकडे लिहिले असतील, ते याच कॉर्डचे सप्तकातले क्रमांक. मेजर कॉर्डचा आकडा मोठ्या लिपीत आणि मायनरचा छोट्या लिपीत लिहायची पद्धत आहे. त्यात हयगय झाली तर ‘सहा’ मेजर की मायनर हे तपासणाऱ्याला कळत नाही.

खरी मजा ओळीच्या शेवटी आहे. जी नंतर थेट सीवर न येता गाणं एफवरून खाली उतरतं. त्या जागी बेस ऐका : म, ग, रे, सा. चार पायऱ्या. इंटरनेटवर अनेक ठिकाणी इथे नुसतं ‘एफ, सी’ लिहिलेलं असतं. ते अगदीच चूक नाही, पण अर्धवट आहे. मधल्या पायऱ्यांवर सी कॉर्ड आहे ज्याच्या तळाला ग आहे, आणि मग डी मायनर, म्हणजे रे-म-ध. दोन ठिकाणी दोन कॉर्ड दिसतात ते बहुधा यामुळेच. कोणी पायऱ्या लिहिल्यात, कोणी गाळल्यात. वाद सोडवायचा तर वरचे स्वर सोडून द्या आणि फक्त सगळ्यात खालचा स्वर हार्मोनियमवर शोधा. तळ पक्का झाला की कॉर्ड ठरवायला मोजकेच पर्याय उरतात.

एफवरून सीवर येऊन थांबणं, म्हणजे ‘म’च्या कॉर्डवरून ‘सा’च्या कॉर्डवर, याला प्लेगल केडन्स म्हणतात (केडन्स म्हणजे ओळ संपवणारी कॉर्डची जोडी). चर्चमधल्या स्तोत्राच्या शेवटी ‘आमेन’ याच चालीने म्हणतात. वसईत किंवा गोव्यात ज्यांनी चर्चचा ऑर्गन ऐकलाय त्यांच्या कानाला ती ओळख लगेच पटेल. ‘प’च्या कॉर्डवरून ‘सा’वर आलं की वाक्य ठामपणे संपतं, ‘म’वरून आलं की ते अलगद टेकतं. या गाण्याला प्रार्थनेसारखा भाव कुठून येतो, याचं एक ठोस उत्तर मुलाला इथे मिळतं. ‘प्रार्थनेसारखं वाटतं’ हे आधी लिहायचं आणि ‘कारण’ म्हणून हा केडन्स दाखवायचा.

आता सोलोच्या आधीचा जोडतुकडा. तिथे बेस एकदम लांब उतरतो : म, ग, रे, सा, आणि मग कोमल नी, ध, प, म, आणि शेवटी सा. तुमचं बोट काळी पाचवर जाईल तेव्हा दचकू नका, ती चूक नाही. तिथे बी फ्लॅट मेजर कॉर्ड आहे, म्हणजे कोमल नी-रे-म. शुद्ध नी ठेवला असता तर नी-रे-म असा आवळलेला, अस्थिर कॉर्ड झाला असता आणि उतरण तिथेच अडखळली असती. कोमल नीमुळे प्रत्येक पायरीला भक्कम कॉर्ड मिळतो. मुलाने ‘सी मेजरमध्ये नसलेला बी फ्लॅट कॉर्ड, सप्तकातल्या सातव्या स्वराला उतरवून केलेला’ असं लिहावं. मिक्सोलिडियन रंग म्हटलं तरी चालेल. शुद्ध आणि कोमल असे दोन्ही नी ऐकून तुम्हाला खमाज आठवेल, साहजिक आहे, पण ते उत्तरपत्रिकेत नको. राग हा कॉर्डच्या चौकटीत बसवायचा मुद्दा नाही आणि तपासणाऱ्याला त्यातून काही हाती लागणार नाही.

हार्मोनियमची एक अडचण आधीच सांगतो. तिचा स्वर रेकॉर्डिंगशी तंतोतंत जुळेलच असं नाही, जुनी पेटी थोडी वर-खाली असतेच. कानाला खटकलं तर मोबाइलवरचं ट्यूनर ॲप लावून पेटीचा सा तपासा. दुसरं गाणं घेतलं आणि ते अर्धा स्वर खाली वाटलं, तर दोष तुमच्या कानाचा नाही. अनेक रॉक बँड गिटारच्या सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून लावतात.

प्रश्न : मी तबला शिकवतो. नातू म्हणतो या गाण्याचा ठेका चार बाय चार, मला तो सरळ केहरवा ऐकू येतो. टेम्पोवरूनही आमचं जमत नाही : त्याचं ॲप १४४ दाखवतं, मी मोजतो तर ७२ येतात. कोण बरोबर? — सांगली

टेम्पोमध्ये तुम्ही बरोबर आहात, आणि ॲपची चूक समजण्यासारखी आहे. ॲप ठोके मोजतं, लय ओळखत नाही. हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) बीटच्या मध्येही वाजत असला की ते दुप्पट आकडा देतं, आणि संथ बॅलडमध्ये हे हमखास होतं. उपाय जुनाच : १५ सेकंदांत किती बीट होतात ते मोजून चारने गुणायचं. १८ आले की ७२. बीट कोणता हे ठरवताना पाय नैसर्गिकपणे कशावर पडतो ते बघायचं. १४४ च्या गतीने पाय आपटत हे गाणं कोणी ऐकणार नाही.

केहरवा मात्र लिहायला सांगू नका. आठ मात्रांत मोजता येतं म्हणून तो केहरवा होत नाही. केहरव्यात पहिल्या मात्रेवर सम आणि पाचवीवर खाली, आणि ठेक्याचा सगळा डौल त्या भरी-खालीवर उभा असतो. रॉकच्या ठेक्यात खाली हा प्रकारच नाही. तिथे एकवर बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दोनवर स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम), तीनवर पुन्हा बास ड्रम, चारवर स्नेअर. खणखणीत आघात पडतो तो दोन आणि चारवर, याला बॅकबीट म्हणतात. समेवर टाळी द्यायची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. नातवाला एक-तीनवर मांडीवर हात आणि दोन-चारवर टाळी द्यायला लावा, दहा मिनिटांत अंगात बसेल.

तुमचा अनुभव जास्त कामाला येईल तो दुसऱ्या प्रकारच्या बॅलडमध्ये. मेटॅलिकाचं ‘नथिंग एल्स मॅटर्स’, १९९१ च्या अल्बममधलं, नातवाने ऐकलेलं असणार. मुलं त्याला डोळे झाकून चार बाय चार लिहितात आणि गुण घालवतात. ते सहा बाय आठ आहे : सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट, एक आणि चारवर वजन. तुम्हाला दादऱ्याची विभागणी लगेच जाणवेल, आणि मोजण्यापुरता तो आधार घ्यायला हरकत नाही. सुरुवातीला एकटी गिटार वाजते तिथेच हे पक्कं करता येतं. सगळ्यात जाड तार मोकळी, मग तिसरी, दुसरी, पहिली, पुन्हा दुसरी, तिसरी. सहा स्वर, सगळ्या तारा मोकळ्या, डाव्या हाताचं एकही बोट न लावता ई मायनरचा कॉर्ड तयार. नातवाकडे गिटार असेल तर हा तुकडा वाजवताना तोंडाने एक-ते-सहा म्हणायला सांगा. एकची मात्रा दर वेळी जाड तारेवर येते. आली नाही तर कुठेतरी एक स्वर गाळलाय किंवा जास्त घेतलाय. तीन बाय चार की सहा बाय आठ असा पुढचा प्रश्न येतो. स्नेअरच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बघायचं : दर सहा मात्रांना तो एकदाच, चौथीवर येत असेल तर सहा बाय आठ.

प्रश्न : मुलीने लिहिलं, ‘गाणं हळूहळू मोठं होत जातं, म्हणजे क्रेसेंडो. खूप वाद्यं असल्यामुळे टेक्स्चर पॉलिफोनिक आहे.’ शिक्षकांनी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ मारली. आम्हाला तर दोन्ही बरोबर वाटतात. — पालक, पुणे

दोन्ही चुकलेत, आणि दोन्ही चुका इतक्या नेहमीच्या आहेत की शिक्षकांचा हात रेघ मारायला आपोआप गेला असेल.

पॉलिफोनी म्हणजे अनेक वाद्यं नव्हे. पॉलिफोनी म्हणजे एकाच वेळी दोन किंवा जास्त स्वतंत्र चाली, ज्यांपैकी कोणतीही एकटी गाऊन दाखवता येईल आणि कोणतीही दुसरीची नोकर नाही. बॅलडमध्ये एक गळा चाल गातो आणि बाकी सगळे त्याला कॉर्डचा आधार देतात. चाळीस वादक असले तरी ते होमोफोनिकच. नेमकं लिहायचं तर ‘चाल आणि साथ’ या प्रकारचं होमोफोनिक टेक्स्चर. अपवाद शोधायचाच असेल तर गिटार गळ्याला मधेमधे उत्तरं देते ती ठिकाणं दाखवावीत, पण त्यालाही पॉलिफोनी न म्हणता काउंटरमेलडी, म्हणजे मुख्य चालीला जोडून येणारी दुय्यम चाल, म्हणावं.

क्रेसेंडोचं थोडं नाजूक आहे. क्रेसेंडो म्हणजे वाजवणारा तोच, वाद्यं तीच, आणि आवाज सलग चढत जातो. बॅलडमध्ये बहुतेक वेळा असं होत नाही. तिथे भागाच्या सुरुवातीला एक नवा थर येऊन बसतो, आवाज पायरीने वाढतो आणि त्या पायरीवर थांबतो. ‘लेट इट बी’मध्ये आधी गळा आणि पियानो, मग मागचे आवाज, मग ड्रमची हलकी चाहूल, मग बेस, पाहुणा वादक बिली प्रेस्टनचा ऑर्गन आणि पूर्ण ड्रम, सोलोला इलेक्ट्रिक गिटार. पितळी वाद्यंही आहेत, आणि अल्बमच्या मिक्समध्ये ती जास्त पुढे आणलेली आहेत. बहुतेक वेळा थर भागाच्या सांध्यावर येतो, मध्येच नाही. त्यामुळे मुलीने ‘डायनॅमिक्स वाढतात’ असं न लिहिता ‘टेक्स्चर दाट होतं आणि त्यातून आवाज वाढल्यासारखा वाटतो’ असं लिहावं. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती, तेवढंच.

हे डोळ्यांनीही बघता येतं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात गाणं उघडलं की आवाजाची आकृती दिसते. सुरुवातीला अरुंद पट्टा आणि पुढे जाड, तोही टप्प्याटप्प्याने. मुलीने ती आकृती छापून तिच्यावर भागांची नावं आणि थर लिहून जोडावेत, शंभर शब्दांचं काम एका चित्रात होतं. पण आधी बघावं की आकृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच जाड तर नाही ना. नंतर रीमास्टर केलेल्या काही आवृत्त्यांत आवाज इतका दाबून सपाट केलेला असतो की मऊ आणि मोठा भाग सारखेच दिसतात. तसं असेल तर आकृती पुरावा म्हणून निरुपयोगी आहे, जुनी आवृत्ती घ्यावी.

एक गोष्ट मुलं कधीच लिहीत नाहीत : थर काढून घेणं. सगळी वाद्यं चढलेली असताना एकदम दोनच उरली की जो परिणाम होतो तो आणखी चार वाद्यं चढवून होत नाही. आपल्या गाण्यात अशी जागा असेल तर तिच्यावर एक पूर्ण परिच्छेद खर्च करावा.

प्रश्न : गिटार सोलोबद्दल काय लिहायचं? ‘वेगवान आणि कठीण’ असं लिहिलं तर चालेल का? — विद्यार्थी, कोल्हापूर

नाही चालणार. बॅलडमधला चांगला सोलो बहुतेक वेळा वेगवान नसतोच, आणि कठीण आहे की नाही हा वाजवणाऱ्याचा प्रश्न.

पहिली गोष्ट, सोलो कशावर वाजतो? ‘लेट इट बी’त तो कडव्याच्याच कॉर्डवर आहे, आठ बार. म्हणजे गळ्याची जागा गिटारने घेतली, गाण्याचा सांगाडा तसाच राहिला. दुसरी गोष्ट, स्वर कोणते? यातला बराचसा भाग सी मेजर पेंटॅटॉनिकमधून येतो : सा, रे, ग, प, ध. हो, हे भूपाचेच पाच स्वर. पण भूप म्हणजे नुसते पाच स्वर नव्हेत, त्यामुळे ‘भूप रागात आहे’ असं लिहू नकोस. पेंटॅटॉनिक एवढंच लिही आणि त्याचं कारण दे : म आणि नी गाळले की कॉर्डशी अर्ध्या स्वराने भांडणारी जागा जवळपास उरत नाही, म्हणून चार कॉर्ड बदलले तरी तीच पाच सुरांची मूठ पुरते.

तिसरी गोष्ट, स्वर कसे काढलेत? तार बाजूला ओढून स्वर वर चढवणं म्हणजे बेंड. सतारीवर पडद्यावर तार खेचून मींड काढतात त्याच तत्त्वावर. बेंड ओळखायची खूण अशी की स्वराची सुरुवात खाली असते आणि नवा आघात न होता तो वर जातो. स्लाइडमध्येही नवा आघात नसतो, पण मधले पडदे पुसटसे मोजल्यासारखे ऐकू येतात. प्लेबॅकचा वेग ०.५ वर ठेवून ऐक, दोन्हींतला फरक लगेच कळेल. हल्लीच्या ॲपमध्ये वेग कमी केला तरी स्वर उतरत नाही, ही मोठी सोय आहे.

चौथी गोष्ट टिंबर, आणि इथे दोन रेकॉर्डिंगची तुलना हातातोंडाशी आलेली आहे. दोन्ही सोलो बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचेच. सिंगलवरचा सोलो लेस्ली स्पीकरमधून काढलेला आहे. या स्पीकरमधला फिरता भाग आवाजाला लाटेसारखी थरथर देतो, त्यामुळे गिटार ऑर्गनच्या जवळची, मवाळ वाटते. अल्बमवरच्या सोलोत डिस्टॉर्शन आहे, आवाजाला खरखरीत धार आहे. कॉर्ड तेच, जागा तीच, पण एक सोलो प्रार्थनेत मिसळतो आणि दुसरा तिच्यातून उठून उभा राहतो. आम्हाला सिंगलवरचा अधिक योग्य वाटतो. तुला दुसरा वाटला तरी हरकत नाही, फक्त कारण टिंबरच्या भाषेत दे.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या मुलांना क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घ्यायचंय. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकल्यामुळे इकडे त्याचं फार कौतुक. रॉक बॅलड म्हणून ते चालेल? — शिक्षिका, सातारा

कौतुक रास्तच आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, आणि त्याचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ तिथल्या शाळेतलाच. पण १९७५ चं हे ५ मिनिटं ५५ सेकंदांचं गाणं ‘रॉक बॅलड’ या शीर्षकाखाली पूर्ण घेतलं तर मुलं गोत्यात येतील. त्याला कोरसच नाही. वाद्यांशिवाय गायलेली सुरुवात, मग पियानोवरचं बॅलड, गिटार सोलो, ऑपेरासारखा मधला भाग, हार्ड रॉक, आणि पुन्हा संथ शेवट, असे एकमेकांसारखे नसलेले तुकडे आहेत. बी फ्लॅट मेजरमध्ये सुरू झालेलं गाणं थांबतं ते एफवर. कडवं-कोरसचा तक्ता घेऊन बसलेल्या मुलाचे रकाने रिकामे राहतात.

फक्त बॅलडचा भाग घ्यायला सांगा : पियानो सुरू होतो तिथपासून गिटार सोलो संपेपर्यंत. त्यात बी फ्लॅट मेजर, दोन कडवी, टप्प्याने वाढणारे थर, कडव्याच्याच चौकटीवर उभा असलेला सोलो, सगळं मिळतं. ऑपेराचा भाग हवाच असेल तर शेवटी एका परिच्छेदात, तुलनेपुरता.

प्रश्न : ‘नथिंग एल्स मॅटर्स’वर लिहिताना मी ई मायनर म्हटलं, पण एका ठिकाणी डी शार्प ऐकू येतो आणि बाकी सगळीकडे साधा डी आहे. माझा कान चुकतोय का? — विद्यार्थी, पणजी

कान एकदम बरोबर आहे. गाण्याचं शीर्षक येतं त्या ओळीत कॉर्ड जी, बी सेव्हन आणि ई मायनर असे जातात, आणि बी सेव्हनमध्ये डी शार्प असतोच. ई मायनरच्या साध्या सप्तकात डी असतो, त्याने ईकडे जाण्याची ओढ लागत नाही, दोन्हींमध्ये पूर्ण स्वराचं अंतर आहे. डी शार्प ईपासून अर्ध्याच स्वरावर आहे, म्हणून तो घराकडे खेचतो. कडव्यात डी मेजर, सी असे कॉर्ड मोकळे फिरत असतात, कुठे थांबायचं ते ठरलेलं नसतं. ही ओळ आली की पहिल्यांदा पक्का परफेक्ट केडन्स, म्हणजे पाचव्या कॉर्डवरून पहिल्यावर येणं, मिळतो. शीर्षकाच्या शब्दांवरच हे घडतं, तेव्हा शब्द आणि हार्मनी यांचं नातं दाखवायला याहून चांगली जागा गाण्यात नाही. ‘हार्मोनिक मायनरमधला वाढवलेला सातवा स्वर’ असं नाव देऊन, वेळ टाकून लिही. गाण्यात पुढे तंतुवाद्यांचा समूह येतो, त्याची रचना मायकेल केमनची आहे. तोही थर कोणत्या भागात चढतो ते तक्त्यात टीप. आणि सोलो मेटॅलिकाचा मुख्य गिटारवादक कर्क हॅमेटचा आहे असं सवयीने लिहून टाकू नकोस, या रेकॉर्डिंगवर तो गायक जेम्स हेटफिल्डने वाजवलाय.